एमबीबीएसनंतर स्वतःचा दवाखाना: पहिलं वर्ष कसं उभारायचं

इंटर्नशिप आणि बाँडची (सक्तीच्या सरकारी सेवेची) नोकरी संपेपर्यंत पाठीशी वॉर्ड असतो. शंका आली तर विचारायला वरचे डॉक्टर असतात, पेशंट खालावला तर भरती करून घेता येतं, रात्रभर कोणीतरी जागं असतं. दवाखान्यात यातलं काहीच नाही. पेशंट दहा मिनिटं समोर बसतो आणि घरी जातो, आजार मात्र पुढे सरकत राहतो. म्हणून वॉर्डाच्या जागी एकच गोष्ट पक्की उभारावी लागते: पेशंटने पुन्हा कधी यायचं, काय दिसलं तर तडक यायचं, आणि तो आला नाही तर ते तुम्हाला कसं कळायचं. जागा, ट्रे, केसपेपर, फी हे सगळं याच्याभोवती रचायचं.

हा लेख तालुक्याच्या गावी किंवा शहराच्या कडेला, पेशंट भरती न करता, एकट्याने बाह्यरुग्ण दवाखाना चालवू पाहणाऱ्या महाराष्ट्रातल्या एमबीबीएस डॉक्टरांसाठी आहे.

आधी सहा महिने दुसऱ्याच्या दवाखान्यात

जमलं तर चालत्या दवाखान्यात सहा महिने सहायक म्हणून बसा. तिथली प्रिस्क्रिप्शनं पाठ करायला जाऊ नका. सलग दोनशे पेशंट वहीत नोंदवा: तक्रार काय, किती दिवसांची, काय केलं, पुन्हा आला का, पुढे पाठवावा लागला का. मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात दिसणारे आजार आणि दारात येणारे आजार यांतला फरक या वहीत उघडा पडतो. सर्दी-ताप, अंगदुखी, ॲसिडिटी, खाज, मुलांचे जुलाब, बीपी-शुगरच्या फेऱ्या यांच्या गर्दीत एखादाच खरा धोक्याचा पेशंट असतो, आणि तोही ‘जरा गॅस झालाय’ म्हणत आलेला असतो.

दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलात तरी चिठ्ठीवर नाव, सही आणि नोंदणी क्रमांक तुमचाच हवा. ज्येष्ठ डॉक्टरांच्या छापील लेटरहेडवर नुसती सही ठोकून औषध लिहिलं आणि पुढे तक्रार झाली, तर नक्की कोणी तपासलं याचाच पत्ता लागत नाही.

कागदपत्रं

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची कायम नोंदणी हातात आल्याशिवाय पाटी लावू नका. इंटर्नशिपपुरती मिळालेली तात्पुरती नोंदणी स्वतंत्र प्रॅक्टिसला चालत नाही. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी तेवढ्या काळात वैद्यकीय शिक्षण चालू ठेवल्याचे 30 क्रेडिट पॉइंट लागतात. ते शेवटच्या तीन महिन्यांत गोळा करायला गेलं की धावपळ होते, त्यामुळे वर्षाला सहा धरून चाला. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा आणि चिठ्ठी, दाखला, पावती या प्रत्येकावर छापायचा.

जैववैद्यकीय कचऱ्यासाठी, एकही खाट नसली तरी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता लागते. 2016 च्या नियमांनुसार खाटा नसलेल्या दवाखान्याला ती एकदाच घ्यायची असते. सोबत तुमच्या भागातल्या सामायिक कचरा प्रक्रिया केंद्राशी करार करा आणि त्यांची गाडी कोणत्या दिवशी येते ते आधी विचारून घ्या, कारण कचरा 48 तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही. दरवर्षी 30 जूनच्या आत वार्षिक अहवाल द्यायचा असतो. हे नवे डॉक्टर हमखास विसरतात.

व्यवसाय कराची नोंदणी करा (वर्षाला 2,500 रुपये). व्यावसायिक दायित्व विमा पहिल्या दिवसापासून घ्या, कारण 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून फी घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. पेशंटला रात्रभर ठेवून सलाईन लावायला लागलात की महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायदा, 1949 लागू होतो. ‘एकच तर कॉट आहे’ हा बचाव टिकत नाही. सोनोग्राफीचं मशीन, कोणी हौसेने दिलं तरी, पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखालच्या नोंदणीशिवाय दारात उतरवून घेऊ नका.

डॉक्टरांसाठीची 2002 ची आचारसंहिता आजही लागू आहे. 2023 मध्ये आलेले नवे नियम त्याच वर्षी स्थगित झाले. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बंद होता आणि परत सुरू झाला, अशा मोजक्या प्रसंगी वर्तमानपत्रात निवेदन देता येतं. ‘खात्रीशीर इलाज’ असं लिहिता येत नाही. कट (पेशंट पाठवण्याचं कमिशन) घेणंही याच संहितेने निषिद्ध ठरवलं आहे. पहिल्याच महिन्यात लॅबचा किंवा एखाद्या हॉस्पिटलचा माणूस पाकीट घेऊन येईल, तेव्हा उत्तर आधीच ठरलेलं असू द्या. एकदा घेतलं की पेशंटला कुठे पाठवायचं हे तुमच्या हातात राहत नाही, आणि तोच तर तुमच्या कामाचा गाभा आहे.

जागा

तळमजला, रस्त्यापासून दोनपेक्षा जास्त पायऱ्या नाहीत, आणि रिक्षा दारापर्यंत येते, एवढं असलं तर जागा थोडी आत असली तरी चालते. वाट पाहायला आठ-दहा खुर्च्या, आणि तपासणीची खोली अशी की आतलं बोलणं बाहेर ऐकू जाणार नाही. प्लायवूडचं अर्धं पार्टिशन स्वस्त पडतं, पण मासिक पाळी, दारू, लैंगिक तक्रारी, नवऱ्याची मारहाण हे विषय त्या खोलीत कधीच निघत नाहीत. तिथे खर्च करा.

तपासणीचं टेबल असं लावा की तुम्ही पेशंटच्या उजव्या बाजूला उभे राहाल. पोट उजवीकडूनच तपासायचं असतं. खिडकीचा उजेड पेशंटच्या तोंडावर पडावा, कारण ट्यूबलाइटच्या उजेडात सुरुवातीची कावीळ सहज निसटते. हात धुवायचं बेसिन तपासणीच्या खोलीतच हवं. बाहेर असलं तर गर्दीच्या दिवशी हात धुतले जात नाहीत. तुमची खुर्ची दाराच्या जवळ ठेवा. दारू पिऊन आलेला किंवा संतापलेला नातेवाईक तुमच्या आणि दाराच्या मध्ये नको.

साधनं आणि तातडीचा ट्रे

बीपीच्या मशीनला तीन मापांचे पट्टे घ्या: मुलांचा, नेहमीचा आणि मोठा. पट्ट्याच्या आतली पिशवी दंडाच्या घेराचा सुमारे 80 टक्के भाग व्यापायला हवी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी खोटंच जास्त दिसतं आणि नको त्या माणसाला आयुष्यभराची गोळी सुरू होते. पेशंटला पाच मिनिटं बसवून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून मोजा. पहिल्या भेटीत दोन्ही हात बघा. एकाच दिवसाच्या आकड्यावर सहसा निदान करू नका.

बाकी ग्लुकोमीटर, ऑक्सिमीटर, नेब्युलायझर, कानाचा ऑटोस्कोप, मोठ्यांचा आणि बाळांचा वजनकाटा, थर्मामीटर आणि ईसीजी मशीन एवढ्यावर सुरुवात होते. ईसीजी ही चैन समजू नका. ‘गॅस’ म्हणत आलेल्या पन्नाशीच्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघायला हवा. तो नॉर्मल आला म्हणून हार्ट ॲटॅक नाही असं ठरत नाही. दुखणं तसं वाटत असेल तर तरीही पाठवा.

तातडीचा ट्रे झाकणाचा असावा, कुलूप नको, आणि त्यात हे असावं:

- ॲड्रेनॅलिन 1 मिग्रॅ/मिली, पाच ॲम्प्यूल, शेजारीच 1 मिलीच्या सिरिंज
- हायड्रोकॉर्टिसोन, फेनिरामिन, ॲट्रोपिन
- 25 टक्के डेक्स्ट्रोज
- चावायची ॲस्पिरिन 325 मिग्रॅ
- नेब्युलायझरसाठी साल्ब्युटामॉल
- झटक्यांसाठी मिडाझोलाम नेझल स्प्रे
- 18, 20 आणि 22 नंबरचे कॅन्युला, सलाईन सेट, 500 मिलीच्या दोन बाटल्या
- अंबू बॅग, मोठा आणि लहान मास्क, एअरवे

झाकणाच्या आतल्या बाजूला जाड अक्षरात लिहून चिकटवा: ‘ॲड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. मोठ्यांना 0.5 मिली, मुलांना किलोमागे 0.01 मिली. पाच मिनिटांनी गरज पडल्यास पुन्हा.’ इंजेक्शनची रिॲक्शन आली की हात आपोआप फेनिरामिन आणि डेक्सामेथासोनकडे जातो, आणि त्यात ॲड्रेनॅलिनची मौल्यवान मिनिटं निघून जातात. ॲड्रेनॅलिन आधी, बाकी सगळं नंतर. पेशंटला आडवं करा, पाय वर घ्या, उठून बसू देऊ नका.

ऑक्सिजनचा ‘बी’ टाइप सिलिंडर भरलेला असताना साधारण 1,500 लिटरचा असतो, म्हणजे मिनिटाला 5 लिटरने पाच तास. दर सोमवारी गेजवर दाब बघा. ट्रेमधल्या एक्सपायरी महिन्याच्या पहिल्या तारखेला.

ट्रे तुमच्या भागाप्रमाणे वाढवा. कोकणात विंचूदंशासाठी प्राझोसिनच्या गोळ्या हव्यातच, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे हा उपचार जगभर पोहोचला. ॲट्रोपिनची जास्तीची ॲम्प्यूल कापूस पट्ट्यात ठेवा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांना झालेली विषबाधा आठवली की ते सांगायची गरज उरत नाही.

कचऱ्याचे डबे ट्रेच्या शेजारीच ठेवा, नाहीतर सुई टेबलावर पडून राहते. सुई वापरल्याबरोबर, टोपण परत न लावता, निडल कटरमधून पांढऱ्या पंक्चर न होणाऱ्या डब्यात. सिरिंज, सलाईनची नळी, बाटली, हातमोजे लाल पिशवीत. काचेच्या ॲम्प्यूल आणि व्हायल निळ्या डब्यात. रक्ताचा कापूस आणि मुदत संपलेली औषधं पिवळ्यात. तुमची आणि मदतनिसाची हिपॅटायटिस बीची लस 0, 1 आणि 6 महिन्यांनी पूर्ण करा. मदतनिसाची राहतेच.

तपासणी आणि ‘परत कधी’

केसपेपर छापील असो वा संगणकावर, चार गोष्टींसाठी ठळक जागा ठेवा: ॲलर्जी, चालू असलेली औषधं, वजन, आणि सर्वांत खाली ‘परत कधी आणि कशासाठी’. हा शेवटचा रकाना रिकामा ठेवून पेशंटला उठू देऊ नका.

तापाचं उदाहरण घ्या, कारण पावसाळ्यात निम्मी ओपीडी तापाचीच असते. पहिल्या दोन दिवसांत बहुतेक ताप सारखेच दिसतात. डेंग्यूचा खरा धोका ताप उतरू लागतो तेव्हा, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी येतो, आणि नेमका तेव्हाच पेशंट ‘बरं वाटतंय’ म्हणून दवाखान्यात येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर मराठीत लिहा: ‘परवा सकाळी दाखवणे. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, फार गुंगी, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी हॉस्पिटलला.’ सोबत फक्त पॅरासिटामॉल. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन नाही. डेंग्यूची एनएस1 चाचणी पहिल्या पाच दिवसांतच उपयोगी, त्यानंतर आयजीएम (प्रतिपिंडांची) चाचणी. नातेवाईक प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतात, तुम्ही हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण), नाडी आणि बीपी बघा.

पुढची शंका प्रदेश ठरवतो. मुंबईत किंवा कोकणात पुराच्या पाण्यातून चालून आलेला असेल तर लेप्टो. विदर्भात शेतातून आलेल्याच्या काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली काळी खपली शोधा. स्क्रब टायफस डॉक्सिसायक्लिनने झपाट्याने उतरतो, पण कपडे न काढता तपासलं तर सापडत नाही. दोडामार्ग किंवा गोव्यातल्या सत्तरीच्या बाजूला काजूच्या हंगामात ताप आला तर माकडतापाचा विचार करा.

खोकला दोन आठवड्यांवर गेला की लिव्होफ्लॉक्सासिन लिहायचा मोह टाळा. ते टीबीला अर्धवट दाबतं, पेशंटला महिनाभर बरं वाटतं आणि निदान लांबतं. आधी थुंकी सीबीनॅटला (टीबीचे जंतू शोधणाऱ्या चाचणीला) पाठवा. सरकारी केंद्रात ती मोफत होते. टीबी निघाला तर ‘निक्षय’ या सरकारी पोर्टलवर नोंद करणं 2012 पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे.

मुलांच्या औषधाचा डोस ‘एक चमचा’ असा कधीच लिहू नका. पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिग्रॅ धरलं तर 10 किलोच्या मुलाला 150 मिग्रॅ, म्हणजे 125/5 च्या (5 मिलीत 125 मिग्रॅ) सिरपचे 6 मिली, पण 250/5 च्या सिरपचे फक्त 3 मिली. दुकानात दोन्ही मिळतात. मिली लिहा, सिरपची ताकद लिहा, आणि बाटलीवरच्या मापाच्या टोपणावर पेनाने रेघ मारून द्या. आजी ती रेघ बरोबर पाळतात.

‘एक सुई मारा की’

ही मागणी पहिल्या दिवसापासून येईल. समोरच्या माणसाची मजुरी बुडते आहे, त्याला उद्या कामावर जायचं आहे, हे समजून घ्या. तो अडाणी म्हणून मागत नाही. नुसतं ‘गरज नाही’ म्हटलंत तर तो शेजारच्या दवाखान्यात जाईल. असं सांगता येतं: ‘दादा, सुईने ताप आज उतरेल, पण आत काय चाललंय ते झाकलं जाईल. ही गोळी सहा-सहा तासांनी घ्या. परवा सकाळी दाखवा, परवाची फी नाही.’ शेवटचं वाक्य सर्वांत जास्त काम करतं. पाच दिवसांच्या आत त्याच आजारासाठी फी नाही, असा नियम करा आणि पाटीवर लिहा. तुमचा थोडा पैसा जातो, पण आजार डोळ्यांसमोर राहतो, आणि ‘या डॉक्टरांचा हातगुण चांगला आहे’ हे बोलणं बहुधा अशा दुसऱ्या भेटीतूनच निघतं.

इंजेक्शन खरंच द्यायचं असेल तर ॲलर्जी विचारा, कुल्ह्याच्या वरच्या-बाहेरच्या चौथ्या भागातच द्या, कारण खाली गेलं की सायटिक नस दुखावते आणि पाय लुळा पडू शकतो. पेशंटला अर्धा तास बसवून ठेवा. डेक्सामेथासोन ‘ताकदीसाठी’ अजिबात नको. मधुमेहाचे पेशंट त्याने शुगर चारशेवर नेऊन परत येतात.

औषधं स्वतः देणार असाल तर औषध कायद्याची सूट फक्त तुमच्या स्वतःच्या पेशंटपुरती आहे. काउंटरवरून विक्री त्यात बसत नाही. खरेदीची बिलं जपा. कागदाच्या निनावी पुड्या देऊ नका. पाकिटावर औषधाचं नाव, मात्रा आणि तारीख लिहा. रात्री रिॲक्शन आली तर हॉस्पिटलच्या डॉक्टरांना काय दिलं होतं ते कळायला हवं.

पुढे पाठवणं

छातीत दुखणाऱ्याला नातेवाइकाच्या मोटारसायकलवर बसवून पाठवू नका. ॲस्पिरिन चावायला द्या, 108 ला फोन करा, आणि पाठवताना चिठ्ठीत पाच ओळी लिहा: कधीपासून काय, आत्ताची नाडी-बीपी-ऑक्सिजन, काय दिलं आणि किती वाजता, जुने आजार व औषधं, आणि तुमची शंका. ईसीजी सोबत द्या. मग स्वतः हॉस्पिटलला फोन करा; तिथे पोहोचल्यावर कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची खोली) बंद निघाली तर तास जातो. कुठे काय रात्री चालू असतं याची यादी दवाखाना उघडण्यापूर्वीच फिरून बनवा: सर्पदंशाची लस, रक्तपेढी, प्रसूती, डायलिसिस, नवजात बाळांचा विभाग.

दाखले आणि मृत्यू

आजारपणाच्या दाखल्यांना अनुक्रमांक असलेलं रजिस्टर ठेवा, त्यात पेशंटची सही आणि ओळखखूण घ्या. मागची तारीख टाकू नका. ‘आज तपासले. पेशंटच्या सांगण्यानुसार सोमवारपासून ताप’ असं लिहिलं की खरंही राहतं आणि पेशंटचं कामही होतं. पेशंटने नोंदी मागितल्या तर 72 तासांत द्याव्या लागतात.

घरी झालेल्या मृत्यूचा दाखला नमुना 4अ मध्ये, आणि शेवटच्या आजारात तुम्ही उपचार केले असतील तरच. शेजाऱ्यांनी कितीही आग्रह केला तरी मृतदेह प्रत्यक्ष पूर्ण तपासल्याशिवाय सही नाही. कारणात ‘हृदय बंद पडले’ लिहू नका, तसं ते सगळ्यांचंच पडतं. ज्या आजाराने ते घडलं तो लिहा. पडणं, भाजणं, विष, साप, नवविवाहितेचा मृत्यू किंवा थोडीही शंका असेल तर दाखला न देता पोलिसांना कळवा. अठरा वर्षांखालील मुलगी गरोदर असल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे तिच्याशी आणि आईशी आधी शांतपणे बोला, तिला घाबरवून पळवून लावू नका.

पैसा

कागदावर आधी गणित मांडा. समजा भाडं 14,000, मदतनीस 9,000, वीज-पाणी-इंटरनेट 2,500, कचरा-सफाई-स्टेशनरी 2,000, औषधं-इंजेक्शनं 6,000 आणि कर्जाचा हप्ता 6,500. महिन्याला 40,000. पंचवीस दिवस धरले तर रोज 1,600. फी 150 असेल तर रोज अकरा पैसे देणारे पेशंट आले की फक्त खर्च निघतो. तुमच्या गावचे आकडे घालून पुन्हा करा. सहा महिन्यांचा खर्च, या उदाहरणात 2,40,000, बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका. खिसा रिकामा असला की नको ते सलाईन लावलं जातं.

वेळ ठरवा आणि ती मोडू नका. सकाळी साडेनऊ ते एक, संध्याकाळी साडेपाच ते नऊ हा साचा बहुतेक गावांत चालतो. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र खेड्यांतून येणाऱ्यांसाठी दुपारीही बसा, त्यांची शेवटची एसटी नऊची नसते.

संध्याकाळची वही

दवाखाना बंद करण्यापूर्वीची पंधरा मिनिटं या वहीची. आजच्या पेशंटमधले तुमच्या मनात खटकलेले तीन-चार, ज्यांचे रिपोर्ट यायचेत ते, आणि ज्यांना आज यायला सांगितलं होतं पण आले नाहीत ते. नाव, फोन, कशाची काळजी. फोन करा: ‘काकू, बाळाने दिवसभरात लघवी किती वेळा केली?’ उत्तर केसपेपरवर वेळेसह लिहा. फोनवर नवं औषध सांगावं लागलं तर तेही लिहा आणि चिठ्ठी पाठवा. न पाहिलेल्या नव्या पेशंटला मात्र फोनवर अँटिबायोटिक देऊ नका. तुम्ही गावाला जाणार असाल तर ही वही त्या दिवसांत बसणाऱ्या डॉक्टरांच्या हातात द्यायची, आणि प्रत्येक नावापुढे काय विचारायचं ते लिहून.